ब्रायन मेची गिटार ऐकायची कशी आणि वाजवायची कशी: नवख्यांसाठी दहा पायऱ्या

क्वीन या ब्रिटिश बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांवर एक सूचना छापलेली असायची, की या रेकॉर्डवर कुठेही सिंथेसायझर वापरलेला नाही. ती छापावी लागायची, कारण गाण्यात क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, घंटा, तंतुवाद्यांचा ताफा असं काय काय ऐकू यायचं. त्यातलं बरंचसं एकाच माणसाने, घरी बनवलेल्या एका गिटारवर, थरावर थर चढवून वाजवलेलं असायचं. १९८० च्या 'द गेम' या अल्बममध्ये बँडने पहिल्यांदा सिंथेसायझर वापरला. तोपर्यंत वाद्यवृंदाचं काम बहुतेक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारीने केलं.

ज्यांना मोकळे आणि बार कॉर्ड येतात, थोडंफार सोलो जमतं, घरी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि हा आवाज काढायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नवखे लोक सर्वसाधारणपणे एकच चूक करतात. गेन वाढवतात, ट्रेबल वाढवतात, मग आणखी एक डिस्टॉर्शन पेडल विकत घेतात, आणि आवाज जास्तच गढूळ होत जातो. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: ब्रायनच्या आवाजात डिस्टॉर्शन भरपूर आहे, पण प्रत्येक सूर आपापला, वेगळा डिस्टॉर्ट होतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

काय काय लागेल

- इलेक्ट्रिक गिटार. तीन सिंगल कॉइल पिकअपची असेल तर उत्तम, ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तरी चालेल.
- ९ नंबरचा तारांचा संच (९ ते ४२).
- ट्रेबल बूस्टर पेडल, किंवा मल्टी इफेक्ट प्रोसेसरमध्ये त्याचं मॉडेल.
- व्हॉक्स एसी ३० जातीचा अँप, किंवा त्याचं मॉडेल असलेला प्रोसेसर अथवा सॉफ्टवेअर.
- किमान १६०० मिलिसेकंदांपर्यंत जाणारा डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारा इफेक्ट.
- ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर बहुट्रॅक रेकॉर्डिंगचं कोणतंही सॉफ्टवेअर. फुकटचं चालतं.
- हेडफोन, ट्यूनर, मेट्रोनोम आणि कडेला खाचा असलेलं एक नाणं.

सगळं एकदम विकत घेऊ नका. पाचव्या पायरीपर्यंत गिटार, नाणं आणि हेडफोन एवढंच पुरतं.

१. आधी कोणी काय वाजवलं ते नीट लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग भलत्याच गोष्टीचा रियाज करत बसतात. क्वीनमध्ये चौघेही (गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन, ड्रमर रॉजर टेलर आणि बेसवादक जॉन डीकन) गाणी लिहायचे, आणि वाद्यांची अदलाबदलही बरीच व्हायची.

'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'मधला सोलो गिटारवर बसवायचा प्रयत्न करून थकलेले लोक खूप भेटतील. रेकॉर्डवर तो सोलो गिटारचा नाहीच. फ्रेड मँडेल या वादकाने तो सिंथेसायझरवर वाजवला आहे. स्टेजवर ब्रायन तो गिटारवर घ्यायचा, म्हणून शिकायचाच असेल तर मैफलीचं रेकॉर्डिंग समोर ठेवा.

'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'मध्ये ऱ्हिदमची अकूस्टिक गिटार फ्रेडी मर्क्युरीची आहे. सोलो ब्रायनचाच, पण त्याच्या नेहमीच्या गिटारवरचा नाही. तो रॉजर टेलरच्या टेलिकास्टर जातीच्या गिटारवर वाजवला आहे. तिथे रेड स्पेशलचा, म्हणजे त्याच्या घरी बनवलेल्या गिटारचा, आवाज शोधू नका. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे जॉन डीकनचं गाणं, आणि त्यातली ऱ्हिदम गिटारही त्याचीच.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला जड रिफ ब्रायनने वाजवला, पण तो सुचला फ्रेडीला, पियानोवर. ही माहिती वाजवताना कामाला येते. तो रिफ बोटांना अवघड वाटतो, कारण तो गिटारवर जन्मलेलाच नाही. सोलोसुद्धा ई फ्लॅटमध्ये आहे आणि या पट्टीत मोकळ्या तारांचा फारसा आधार मिळत नाही. फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकला, तिथल्याच द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला, आणि पुढेही पियानोवर बसूनच गाणी रचत राहिला. त्याच्या गाण्यांतल्या ई फ्लॅट आणि बी फ्लॅट या पट्ट्या पियानोवाल्याच्या पट्ट्या आहेत. सोय म्हणून गिटार अर्धा सूर उतरवून घेऊ नका. मूळ वादन साध्या ट्यूनिंगमध्ये आहे, तारांचा ताण आणि बेंड त्याच हिशोबाने बसतात.

ब्रायनची स्वतःची रचना ओळखायला ही गाणी घ्या: 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह', 'नाऊ आय ॲम हिअर', 'ब्रायटन रॉक', 'थर्टी नाइन', 'टाय युअर मदर डाऊन', 'वी विल रॉक यू', 'सेव्ह मी', 'हॅमर टू फॉल', 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर'. त्यातल्या अर्ध्यांत रिफ पुढे आहे आणि अर्ध्यांत गाण्याची चाल. निव्वळ सोलोवाला समजून त्याच्याकडे पाहिलं की त्याचं निम्मं काम नजरेआड होतं.

२. चार गाणी हेडफोनवर, कागद घेऊन ऐका

'प्रोसेशन' (क्वीन २, १९७४): एका मिनिटाहून थोडं मोठं, फक्त गिटारींचं. डाव्या आणि उजव्या कानात किती वेगळे आवाज आहेत ते मोजा.

'किलर क्वीन' (१९७४): सोलोमध्ये एका जागी सूर एकामागून एक येतात आणि येऊन तिथेच थांबतात, घंटा वाजवून हवेत सोडून द्याव्यात तसे. तीन सूर साठले की कॉर्ड तयार होतो. ही जागा वीस वेळा ऐका.

'गुड कंपनी' (ए नाइट ॲट द ऑपेरा, १९७५): जुन्या पद्धतीचा जॅझ बँड ऐकू येतो. ती सगळी फुंकवाद्यं गिटार आहेत. ताल धरणारं छोटं वाद्य तेवढं युकुलेले, तेही ब्रायनचंच.

'ब्रायटन रॉक' (१९७४): मधला लांब सोलो. इथे डिलेची करामत आहे, नववी पायरी त्यावरच आहे.

ऐकताना प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: इथे एक गिटार कॉर्ड वाजवते आहे, की अनेक गिटारी एकेक सूर? उत्तर लिहून ठेवा.

३. रेड स्पेशल समजून घ्या

ब्रायनने ही गिटार १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने बनवायला घेतली. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. नेकचं महॉगनी जुन्या फायरप्लेसचं, बॉडीतलं ओक जुन्या टेबलाचं, खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या, दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, आणि दांड्याचं टोक विणायच्या सुईचं. हे सगळं वाचायला गोड आहे, पण तुमच्या कामाच्या गोष्टी पाच आहेत:

- २४ इंचांची स्केल, म्हणजे नेहमीच्या २५.५ इंचांच्या स्केलपेक्षा आखूड. तारा मऊ लागतात.
- २४ फ्रेट आणि झीरो फ्रेट, म्हणजे नटलगतचा एक जादा फ्रेट.
- आत पोकळ्या ठेवलेल्या आहेत, कारण फीडबॅक (अँपच्या आवाजाने तार पुन्हा थरथरत राहणं) मुद्दाम यायला हवा होता.
- तीन बर्न्स ट्राय सॉनिक सिंगल कॉइल पिकअप, सीरिजमध्ये जोडलेले. ते शिट्टी मारू नयेत म्हणून आत अराल्डाइट भरलेलं.
- प्रत्येक पिकअपला दोन खटके: एक चालू-बंदचा, दुसरा फेज (सिग्नलच्या लहरीची दिशा) उलटवायचा. म्हणजे एकूण सहा. त्याशिवाय एक व्हॉल्यूम, एक टोन.

शेवटच्या दोन गोष्टींत आवाजाचा मोठा वाटा आहे. लाकडाच्या मागे लागू नका.

४. तुमच्या गिटारवर त्याच्या जवळ पोहोचा

ब्रायन सगळ्यात जास्त वापरतो ती जोडी म्हणजे ब्रिज आणि मधला पिकअप, दोन्ही एकाच फेजमध्ये, सीरिजमध्ये. सीरिज म्हणजे एका पिकअपमधून निघालेली तार दुसऱ्यात शिरते. दोघांचा आवाज जोडला जातो, मध्यम स्वर भरदार होतात आणि बूस्टरला जोरदार सिग्नल मिळतो.

*सापळा:* स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारवर खटका दुसऱ्या जागी ठेवला की ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लागतात, पण पॅरललमध्ये. आवाज पातळ आणि काचेसारखा येतो. त्याला पुष्कळ जण 'आउट ऑफ फेज' म्हणतात, तेही चूक. फेज एकच असते, जोडणी पॅरलल असते.

यावर तीन उपाय आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे ब्रिजचा हंबकर वापरा. हंबकर म्हणजे मुळात सीरिजमधल्या दोन कॉइलच. कॉइल जवळजवळ असल्याने आवाज तंतोतंत येत नाही, पण सुरुवातीला पुरतो. दुसरा उपाय, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सीरिजचा एक खटका बसवून घ्या. तिसरा, ब्रायन मे गिटार्स या नावाने निघणारी अधिकृत प्रत घ्या, तिच्यात सहा खटके तयारच असतात. ती हातात आल्यावर आधी नेक बंद, बाकी दोन चालू आणि फेजचे खटके एका दिशेला, इथून सुरुवात करा. सगळे खटके एकदम चाळत बसलात तर काय ऐकलं ते लक्षात राहत नाही.

फेज उलटवली की दोन पिकअपमधले खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरतो तो चिरका, नाकातून आल्यासारखा आवाज. उंच सोलोला तो सुरीसारखा कापत जातो. ऱ्हिदमला मात्र वापरू नका, गाण्याचा पायाच निघून जातो.

*सापळा:* फेज उलटवायला पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करायची असते. पण पिकअपला धातूचं झाकण असेल आणि ते आतूनच अर्थच्या तारेला जोडलेलं असेल, तर अदलाबदलीनंतर झाकणच सिग्नलची तार बनतं आणि हात लावला की भणभण सुरू होते. आधी झाकणाची जोडणी सोडवून ती वेगळ्या तारेने अर्थला न्यावी लागते. सोल्डरिंग नवीन असेल तर हे काम जाणकाराकडेच द्या.

५. नाणं: प्लेक्ट्रम बाजूला ठेवा

ब्रायन इंग्लंडच्या जुन्या सहा पेनीच्या नाण्याने वाजवतो. व्यास साधारण १९.४ मिलिमीटर, कडेला बारीक खाचा. प्लास्टिकची पिक वाकते, नाणं वाकत नाही. त्यामुळे तारेची प्रत्येक हालचाल बोटांपर्यंत पोचते.

ते नाणं मिळवायची खटपट करू नका. आपली जुनी तांबे-निकेलची पंचवीस पैशांची नाणी १९ मिलिमीटरची आहेत. घरात कुठल्यातरी डब्यात सापडतील, आणि २०११ पासून ती चलनातही नाहीत. घेताना दोन गोष्टी तपासा. कडेवर नख फिरवून खाचा लागतात का पाहा, आणि लोहचुंबक लावून पाहा. तांबे-निकेलचं नाणं चिकटत नाही, नंतरचं स्टीलचं चिकटतं. स्टील कडक असल्याने तारा लवकर खाल्ल्या जातात.

नाणं अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्यात धरा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा. तारेला समांतर लावलं तर आवाज गोल येतो. थोडं तिरकं केलं की खाचा तारेवर घासतात आणि सुराच्या आधी एक बारीकसं 'ख्र' उमटतं, गाणारा व्यंजनाने शब्द सुरू करतो तसं. हा कोन सतत बदलत राहणं हाच या तंत्राचा जीव आहे. रोज दहा मिनिटं एकाच तारेवर एकच सूर घ्या, आणि समांतर ते तिरकं असा कोन हळूहळू फिरवत ऐका.

*सापळा:* मनगट आवळून जोरात मारणं. तारा ९ नंबरच्या आहेत. जोरात मारलं की सूर सुरुवातीला चढा लागतो आणि मग खाली येतो. हात हलका ठेवा, आवाज मोठा करायचं काम अँपवर सोपवा.

६. ट्रेबल बूस्टर आणि अँप

इथे थोडा वेळ द्या, कारण इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात.

आयर्लंडचा गिटारवादक रॉरी गॅलाघर डॅलस रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्स एसी ३० वापरायचा. ब्रायनने ती जोडी त्याच्याकडूनच उचलली. बूस्टरमध्ये एकच ट्रान्झिस्टर आणि एकच बटण. तो खालचे स्वर कमी पुढे जाऊ देतो, वरचे स्वर बरेच मोठे करतो, आणि आधीच शिगोशीग भरलेल्या अँपला वरून ढकलतो. खालचे स्वर छाटलेले असल्याने अँप विकृत होतानाही आवाज थुलथुलीत होत नाही.

अँपची मांडणी: एसी ३०, नॉर्मल चॅनल, व्हॉल्यूम पूर्ण. टोनची बटणं जवळजवळ खेळातच नाहीत. गिटारच्या केबलचं टोक बूस्टरमध्ये, बूस्टरचं टोक अँपमध्ये. मध्ये काहीही नाही.

घरी किंवा फ्लॅटमध्ये खरा एसी ३० पूर्ण व्हॉल्यूमला लावणं अशक्य आहे. ३० वॅट हा आकडा लहान वाटतो, प्रत्यक्षात तो आवाज वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर जातो. म्हणून प्रोसेसर किंवा सॉफ्टवेअरमध्ये असं लावा:

- पहिला ब्लॉक: ट्रेबल बूस्टर.
- दुसरा: एसी ३० नॉर्मल. टॉप बूस्ट हा दुसरा चॅनल नको. गेन ८ ते १०.
- तिसरा: १२ इंची दोन स्पीकरांचं कॅबिनेट.
- आवाज किती हवा ते शेवटच्या आउटपुटवर ठरवा, गेनवर नाही.

*सापळा एक:* बूस्टरच्या आधी ट्यूनर, वायरलेस किंवा कोणतंही बफर (सिग्नल मजबूत करून पुढे पाठवणारं सर्किट) असलेलं पेडल लावणं. रेंजमास्टरच्या जातीचा बूस्टर थेट पिकअपशी जोडलेला असला तरच नीट वागतो, दोघं मिळून एकच सर्किट बनवतात. मध्ये बफर आला की आवाज कर्कश होतो, आणि पुढच्या पायरीतली व्हॉल्यूमची जादू संपते. ट्यूनर लावायचाच तर बूस्टरनंतर लावा.

*सापळा दोन:* स्वच्छ सॉलिड स्टेट अँपला बूस्टर लावून 'काहीच होत नाही, फक्त टोचतं' म्हणणं. बूस्टर स्वतः फारसं डिस्टॉर्शन देत नाही. पुढचा अँप फुटण्याच्या बेताला असायला हवा. उलट आधीच प्रचंड गेन असलेल्या मेटल चॅनलला लावलात तर माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो.

*सापळा तीन:* वीज. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम बूस्टरमध्ये अनेकदा पीएनपी ट्रान्झिस्टर असतो आणि त्याचा धन ध्रुव अर्थला जोडलेला असतो. तो बाकी पेडलांच्या सामाईक ॲडॉप्टरवर लावला तर शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी द्या. शिवाय जर्मेनियम उष्णतेने बिघडतं, गळणारा प्रवाह वाढतो आणि आवाज खरखरतो. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडे उघड्या मंडपात वाजवणार असाल तर सिलिकॉनचा बूस्टर घ्या, तो उन्हातही टिकतो.

*सापळा चार:* अर्थिंग. सिंगल कॉइल आणि बूस्टर मिळून खोलीतला प्रत्येक गुणगुणाट मोठा करतात. तीन पिनांच्या बोर्डला खरोखर अर्थ आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ट्यूबलाइट आणि मोबाइल चार्जरपासून गिटार लांब ठेवा. व्हॉल्व्हचा अँप असेल तर तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब साठलेला असतो.

७. पाय आवरा, करंगळी वापरा

अँप पूर्ण, बूस्टर कायम चालू. मग स्वच्छ आवाज आणायचा कुठून? गिटारच्या व्हॉल्यूमच्या बटणातून. ३ ते ४ वर जवळजवळ स्वच्छ, ६ ते ७ वर ऱ्हिदमला करकरीत, १० वर सोलो. प्रत्येक गिटारवर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तुमचे तुम्ही शोधा आणि बटणावर पांढऱ्या पेनने खुणा करा.

रियाज असा: मेट्रोनोम ८० वर. चार मात्रा ४ वर कॉर्ड, पुढच्या चार मात्रा १० वर एकच लांब सूर, पुन्हा ४ वर. बटण फिरवताना ताल चुकता कामा नये. महिनाभरात करंगळी आपोआप जाऊ लागते.

८. थर: गिटारींचा वाद्यवृंद रचा

आता मुख्य भाग. आधी कारण समजून घ्या, नाहीतर नुसती नक्कल होते.

एक कॉर्ड डिस्टॉर्ट झालेल्या अँपमधून काढला, तर अँप त्यातल्या सुरांची आपसांत बेरीज-वजाबाकी करून नवे सूर तयार करतो. ते सूर कॉर्डमधले नसतात. पाचव्याचा पॉवर कॉर्ड त्यामुळे जाड वाटतो, पण गंधार असलेला पूर्ण कॉर्ड चिखल होतो. आता तेच तीन सूर तीन वेगळ्या ट्रॅकवर, प्रत्येक वेळी एकच सूर वाजवून रेकॉर्ड केले तर? प्रत्येक सुराचं डिस्टॉर्शन त्याच्यापुरतं राहतं. बेरीज नंतर, मिक्समध्ये, स्वच्छपणे होते. व्हायोलिनांचा ताफा असाच चालतो, प्रत्येक जण एकच सूर धरतो. ब्रायनच्या गिटारी वाद्यवृंदासारख्या वाटतात त्याचं कारण हे आहे.

अशी सुरुवात करा:

क) आठ मात्रांची सोपी चाल ठरवा. शुद्ध स्वरांची, संथ. मेट्रोनोमवर एका ट्रॅकवर वाजवा.

ख) दुसऱ्या ट्रॅकवर तिसरा स्वर वर ठेवून वाजवा. मूळ चाल सा रे ग म प असेल तर वरची ग म प ध नी.

ग) तिसऱ्या ट्रॅकवर तिसरा स्वर खाली: मंद्र ध, मंद्र नी, मग सा रे ग.

घ) मूळ चाल मध्ये ठेवा, वरची साधारण ६० टक्के डावीकडे, खालची तेवढीच उजवीकडे. बाजूच्या दोन्ही थोड्या हळू.

*सापळा:* हार्मनायझर पेडलला 'तिसरा स्वर' सांगून मोकळं होणं. पेडलने ठरावीक अंतर धरलं तर चूक होते, कारण सा ते ग चार फ्रेट आहेत, रे ते म तीन, ग ते प तीन, म ते ध पुन्हा चार. अंतर पट्टीप्रमाणे बदलतं. पट्टी ओळखणारं पेडल असलं तरी तिन्ही आवाज एकाच हाताचे निघतात आणि ताफा वाटत नाही. प्रत्येक ओळ हाताने वाजवा.

*सापळा:* बेंड आणि व्हायब्रॅटो. तिन्ही ओळींत बेंड एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी पोचायला हवा. व्हायब्रॅटोचा वेग वेगवेगळा झाला तर कॉर्ड समुद्रात डुलल्यासारखा वाटतो. म्हणून पहिली ओळ रेकॉर्ड करताना व्हायब्रॅटो कमी आणि मोजका ठेवा, तोच पुढे तुम्हाला दोनदा हुबेहूब करायचा आहे. प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा ट्यून करा. एका गिटारीचा किंचित बेसूरपणा खपून जातो, तिघींचा मिळून खपत नाही.

हे जमलं की 'किलर क्वीन'मधल्या घंटांकडे वळा. पहिल्या मात्रेला एक ट्रॅक सा धरतो, दुसऱ्या मात्रेला दुसरा ग, तिसऱ्या मात्रेला तिसरा प, आणि कोणीही सूर सोडत नाही. तीन ट्रॅक तीन जागी पसरवा.

वाद्यवृंदाच्या अशा ओळींसाठी ब्रायन अनेकदा वेगळा अँप वापरायचा. बेसवादक जॉन डीकन शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा. लंडनमध्ये कचऱ्यात टाकलेला एक सर्किट बोर्ड उचलून त्याने बॅटरीवर चालणारा छोटा अँप बनवला, त्याला डीकी अँप म्हणतात. त्याला एकही बटण नाही. 'प्रोसेशन' आणि 'गुड कंपनी'त तो आहे. घरी त्याच्या जवळ जायचं तर बूस्टरनंतर एखाद्या छोट्या, एका स्पीकरच्या बॅटरी अँपचं मॉडेल लावा आणि वरचे-खालचे दोन्ही स्वर छाटा. एकटा ऐकला तर डबाबंद वाटतो, पण पाच ट्रॅक एकत्र आले की फुंकवाद्यांच्या जवळ जातो.

९. ८०० मिलिसेकंदांचा कॅनन

'ब्रायटन रॉक'च्या सोलोत ब्रायन स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर वाजवतो, तीच ओळ मागून पुन्हा येत राहते. यालाच कॅनन म्हणतात. स्टेजवर त्यासाठी टेपवर चालणारे दोन इकोप्लेक्स असायचे, लांब डिलेसाठी बदल केलेले. पहिला प्रतिध्वनी साधारण ८०० मिलिसेकंदांनी, दुसरा साधारण १६०० नी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र अँप. स्वतंत्र अँप का, हे आठवी पायरी वाचल्यावर सांगायला नको.

घरी मेट्रोनोम ७५ वर ठेवा. या लयीत एक मात्रा बरोबर ८०० मिलिसेकंदांची असते. डिले ८००, फीडबॅक शून्य, म्हणजे प्रतिध्वनी एकदाच. त्याचा आवाज मूळ आवाजाइतकाच मोठा. एका मात्रेला एक याप्रमाणे सा, ग, प वाजवा. ग वाजवताना मागून सा येतो, प वाजवताना ग. मग १६०० चा दुसरा डिले समांतर जोडा. आता प वाजताना मागे ग आणि सा दोन्ही असतात, पूर्ण कॉर्ड एका हातातून.

*सापळा:* डिले पेडल फुटलेल्या अँपच्या आधी लावणं. मूळ सूर आणि प्रतिध्वनी एकाच अँपमध्ये मिसळून डिस्टॉर्ट होतात आणि परत चिखल. प्रोसेसरमध्ये डिले अँपच्या ब्लॉकनंतरच हवा. खरा अँप असेल आणि त्याला इफेक्ट लूप नसेल, तर स्वच्छ रेकॉर्ड करून डिले नंतर सॉफ्टवेअरमध्ये द्या.

सूर सोडायला शिका. नवखे जागा भरत राहतात, आणि प्रतिध्वनीला बोलायला वेळच मिळत नाही.

याच डोक्याने केलेलं दुसरं काम म्हणजे १९७७ चं 'वी विल रॉक यू'. त्यात ड्रम नाहीत. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून केलेले थर आहेत, आणि त्यांना दिलेल्या डिलेंची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात आहेत. अंतरं एकमेकांच्या पटीत नसल्याने प्रतिध्वनी ऐकू येत नाही, फक्त गर्दी मोठी वाटते. चार जणांत करून पाहा: दहा टेक घ्या आणि त्यांना ११, १३, १७, १९, २३ असे मिलिसेकंद द्या. १०, २०, ३०, ४० देऊन फरक ऐका.

१०. गिटारखेरीज बाकीची वाद्यं

पियानो: 'सेव्ह मी' आणि 'ऑल डेड, ऑल डेड'. पियानो म्हटलं की फ्रेडीच असं धरून चालू नका.

हार्प: 'लव्ह ऑफ माय लाइफ'चं रेकॉर्डिंग. वाद्य सतत सुरात लावावं लागत असल्याने एकेक कॉर्ड वाजवून तुकडे जोडले. मैफलीत त्याऐवजी बारा तारांची अकूस्टिक गिटार आली. नवख्याने तीच आवृत्ती शिकावी.

युकुलेले बँजो: 'ब्रिंग बॅक दॅट लेरॉय ब्राऊन'. जपानी कोटोचं खेळण्यातलं रूप: 'द प्रॉफेट्स साँग'. या गाण्यात आणि 'फॅट बॉटम्ड गर्ल्स'मध्ये गिटारची सहावी तार डीपर्यंत उतरवलेली आहे. ती न उतरवता रिफ शोधत बसू नका. 'लाँग अवे'त रेड स्पेशलऐवजी बर्न्सची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे.

'व्हाइट क्वीन'कडे आपल्याकडच्या कानांनी खास लक्ष द्यावं. त्यातल्या अकूस्टिक गिटारला सतारीसारखी झणझण आहे. हॉलफ्रेड नावाची ती स्वस्तातली जुनी गिटार. तिच्या ब्रिजमध्ये फेरफार करून तार किंचित घासत राहील अशी बसवलेली. म्हणजे जवारीच. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला कानस लावून तारेला जितकी टेकण देतो, तत्त्व तेच. करून पाहायचं तर तानपुऱ्याला लावतो तसा सुती दोरा ब्रिजच्या पुढच्या कडेला तारेखाली सरकवा आणि केसाएवढा मागेपुढे करा. एका जागी झणझण उघडते. चांगल्या गिटारचा ब्रिज मात्र घासू नका, जुनी पडीक गिटार घ्या. तार फ्रेटवर आपटून येणारा खडखडाट आणि जवारी यांत गफलत होते. खडखडाट ठरावीक फ्रेटवरच येतो, जवारी मोकळ्या तारेवरही सारखी ऐकू येते आणि सूर विरेपर्यंत सोबत राहते.

आवाजाचं काम राहिलं. तीन थरांच्या कोरसमध्ये सहसा रॉजर टेलर वर, फ्रेडी मध्ये आणि ब्रायन खाली. 'थर्टी नाइन'मध्ये तो मुख्य गायक आहे. ते गाणं अकूस्टिकवर, गात गात बसवा. लयीचा हात त्यात जितका उघडा पडतो तितका कुठल्याही सोलोत पडत नाही.